टेरी फॉक्स : एका घराने धावलेली दौड

सप्टेंबरच्या मध्यावर एका रविवारी कॅनडातल्या गावोगावी माणसे सहकुटुंब घराबाहेर पडतात आणि धावू लागतात. या धावेत वेळ मोजली जात नाही आणि पहिला कोण आला याची नोंदही कोणी ठेवत नाही. आजोबा नातवाचे बोट धरून चालतात, एखादी आई बाबागाडी ढकलत जाते, कोणी सायकलवर असते. प्रवेशशुल्क नाही. घरातल्यांनी मिळून झेपेल तेवढे अंतर कापायचे आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी जमेल तेवढे द्यायचे, इतकाच तिचा नियम. या धावेला नाव आहे टेरी फॉक्सचे. तेविसावा वाढदिवस एका महिन्यावर असताना तो गेला, त्याला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला.

आपल्याकडेही थंडी पडू लागली की कर्करोग जागृतीच्या दौडी निघतात. रंगीत टी-शर्ट, पदके, पुरस्कर्त्यांचे मोठाले फलक, छायाचित्रे असा सगळा थाट असतो. त्यात वावगे काहीच नाही. परंतु अशा दौडींचे मूळ ज्या एका धावेत आहे, ती धाव कोणत्याही समितीच्या बैठकीत ठरलेली नव्हती. ती एका मध्यमवर्गीय घरातल्या स्वयंपाकघरात, आईच्या विरोधाला तोंड देत ठरली होती.

टेरीचा जन्म २८ जुलै १९५८ रोजी मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग शहरात झाला. वडील रोलंड रेल्वेत सांधेवाले होते. आई बेटी घर सांभाळणारी, शिस्तीची आणि हट्टी. थोरला फ्रेड, मग टेरी, त्याच्या पाठचा डॅरल आणि धाकटी ज्युडिथ अशी चार भावंडे. १९६६ मध्ये हे कुटुंब पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आले आणि दोन वर्षांनी व्हँकुव्हरजवळच्या पोर्ट कोक्विटलम या गावात स्थिरावले. आईचा हट्टीपणा मुलात पुरेपूर उतरला होता, असे त्या घराला ओळखणारे सांगत.

शाळेत त्याला बास्केटबॉलचे वेड होते, पण उंची नव्हती. आठवीत तो जेमतेम पाच फुटांचा होता. शिक्षकाने त्याला लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळावे असे सुचवले. धावणे त्याला मुळीच आवडत नसे. तरीही शिक्षकाचा शब्द राखण्यासाठी तो धावला. बास्केटबॉल मात्र सोडला नाही. आठवीच्या साऱ्या हंगामात त्याला प्रत्यक्ष मैदानात मिळाले ते एक मिनिट. रोज सराव करून दहावीपर्यंत तो संघातला पहिल्या पाचांतला खेळाडू झाला आणि बारावीत शाळेचा सर्वोत्तम क्रीडापटू ठरला. तो मान त्याने आपला मित्र डग अल्वर्ड याच्यासह वाटून घेतला. हा डग पुढे येणारच आहे. शाळेनंतर टेरीने सायमन फ्रेझर विद्यापीठात शरीरगतिशास्त्राच्या अभ्यासाला नाव घातले. त्याला खेळाचा शिक्षक व्हायचे होते.

नोव्हेंबर १९७६ मध्ये त्याची मोटार एका गाडीवर मागून आदळली. उजवा गुडघा थोडा दुखावला. दुखणे वाढत गेले तरी बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत त्याने ते कोणाला कळू दिले नाही. मार्च १९७७ मध्ये तपासणी झाली तेव्हा तो अपघाताचा मार नव्हे, हाडाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. ऑस्टिओसार्कोमा हा रोग वाढत्या वयातल्या मुलांना आणि तरुणांना गाठतो व गुडघ्याजवळच्या हाडात बहुधा सुरू होतो. त्या काळी त्यावर पाय कापणे हाच मुख्य उपाय होता. ९ मार्च रोजी टेरीचा उजवा पाय गुडघ्याच्या काही इंच वर कापण्यात आला.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री शाळेतला त्याचा प्रशिक्षक भेटायला आला, तो धावण्याविषयीचे एक मासिक घेऊनच. त्यात डिक ट्रॉम नावाच्या माणसाची हकीकत होती. कृत्रिम पायाने न्यूयॉर्क मॅरेथॉन पूर्ण करणारा तो पहिला धावपटू. पाय जाण्याच्या आदल्या रात्री अठरा वर्षांच्या मुलाने ती हकीकत वाचली. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावण्याची कल्पना तिथे रुजली. ती त्याने दोन वर्षांहून अधिक काळ मनातच ठेवली.

पुढचे सोळा महिने केमोथेरपी चालली. टेरीच्या आयुष्यातला हा काळ बहुतेक लेखांत दोन ओळींत उरकला जातो, कारण त्यात पाहण्यासारखे काही घडत नाही. माझ्या मते त्याचे सारे आयुष्य या सोळा महिन्यांतच घडले. डॉक्टरांनी त्याला सांगितले होते की त्याची जगण्याची शक्यता पन्नास टक्के आहे. दोनच वर्षांपूर्वी हा आजार झाला असता तर ती पंधरा टक्के असती. मधल्या अवघ्या दोन वर्षांत नवी औषधे आली होती आणि ती कोणीतरी दिलेल्या पैशांवर झालेल्या संशोधनातून आली होती. वॉर्डात त्याच्या आजूबाजूला त्याच्याहून लहान मुले होती. त्यांच्या किंकाळ्या तो ऐकत होता, काही खाटा रिकाम्या होताना पाहत होता. त्याचे केस गेले, मळमळ सुरू राहिली. पण तो बाहेर पडला. आपण जगलो यात आपले कर्तृत्व काही नाही, अनोळखी माणसांच्या दानाचे हे ऋण आहे, असा हिशेब त्याने मनाशी मांडला. कॅनडात कर्करोगाच्या संशोधनावर फार थोडा पैसा खर्च होतो हे कळल्यावर त्याला संताप आला. त्याच्या धावेमागे करुणा होती तेवढाच हा संतापही होता.

उपचार चालू असतानाच रिक हॅन्सनच्या बोलावण्यावरून तो चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळू लागला आणि त्या संघासह त्याने राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. १९७९ च्या सुरुवातीला त्याने धावण्याचा सराव सुरू केला. त्या काळचा कृत्रिम पाय चालण्यासाठी केलेला असे, धावण्यासाठी नव्हे. गुडघ्याची कळ पुढे येऊन स्थिर होईपर्यंत वेळ लागे, म्हणून धडक्या पायावर तो दोनदा उडी घेई आणि मग कृत्रिम पाय टेकवी. दोन ठोके आणि एक ठोका अशा त्या लंगड्या लयीत तो धावे. मांडीच्या टोकाला जखमा होत, रक्त येई, फोड फुटत. चौदा महिन्यांत तो असा पाच हजारांहून अधिक किलोमीटर धावला. ओळीने शंभरावर दिवस एकही खाडा न करता चाललेल्या सरावात त्याने सुट्टी घेतली ती फक्त नाताळच्या दिवशी, तीही आईने मागितली म्हणून.

घरच्यांची समजूत मात्र वेगळी होती. तो एखाद्या मॅरेथॉनसाठी तयारी करतो आहे असे त्यांना वाटे. १९७९ च्या सप्टेंबरात प्रिन्स जॉर्ज या गावी सत्तावीस किलोमीटरची शर्यत झाली. टेरी तीत सर्वांत शेवटी आला, त्याच्या आधीच्या धावपटूनंतर दहा मिनिटांनी. तेथून परतल्यावर त्याने आईला खरा बेत सांगितला. बेटी संतापली. ज्या मुलाला मरणाच्या दारातून परत आणले, तो एका पायावर आठ हजार किलोमीटर धावायला निघतो म्हणतो, हे कोणत्या आईला पटावे? तिने विरोध केला, वाद झाले. रोलंडने मात्र मुलाला ओळखले होते. त्याने फक्त केव्हा निघणार एवढेच विचारले. बेटीचा विरोधही फार काळ टिकला नाही, आणि एकदा बाजू बदलल्यावर तिने ती मरेपर्यंत सोडली नाही.

ऑक्टोबर १९७९ मध्ये टेरीने कॅनेडियन कॅन्सर सोसायटीला पत्र लिहिले. संस्थेला शंका होती. आधी पुरस्कर्ते शोध आणि हृदयतज्ज्ञाचा दाखला आण, असे तिने सांगितले. तपासणीत त्याच्या हृदयाचा डावा कप्पा वाढलेला आढळला. व्यायामपटूंमध्ये असे पुष्कळदा आढळते. जरा त्रास झाला तरी थांबेन अशा वचनावर डॉक्टरांनी होकार दिला. फोर्ड कंपनीने व्हॅन दिली, इम्पीरियल ऑइलने इंधन, आदिदासने बूट. माझ्या नावाने माल विका म्हणणाऱ्या कंपन्यांना मात्र त्याने नकार दिला. या धावेतून कोणाचाही नफा होता कामा नये, ही त्याची अट होती.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्स येथे त्याने कृत्रिम पाय अटलांटिक समुद्रात बुडवला आणि दोन बाटल्यांत समुद्राचे पाणी भरून घेतले. एक स्वतःजवळ ठेवायची, दुसरी पलीकडच्या टोकाला व्हिक्टोरिया येथे पॅसिफिकमध्ये रिती करायची. धावेला नाव दिले मॅरेथॉन ऑफ होप. पहिल्या दिवसांत सोबतीला होता तो वादळी वारा, पाऊस आणि बर्फ. व्हॅनमध्ये डग अल्वर्ड. तो एक मैल पुढे जाऊन थांबे. टेरी तिथवर धावे, पाणी पिई आणि पुढच्या मैलाला लागे. असे दिवसाला साधारण ४२ किलोमीटर. पणजीहून निघून मडगाव ओलांडावे आणि केप्याच्या वाटेला लागावे, एवढे अंतर. तेही रोज, एका पायावर, पहाटेच्या काळोखात सुरुवात करून.

सुरुवातीला कोणी फारसे विचारले नाही. रस्त्यावर लोक नसत आणि कित्येक गावांत काहीच जमत नसे. पण न्यूफाउंडलंडच्याच पोर्ट ओ बास्क या दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजार डॉलर दिले. माणशी एक डॉलर! तो आकडा टेरीच्या डोक्यात बसला. आधी त्याने दहा लाख डॉलरचे लक्ष्य ठेवले होते. आता कॅनडातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर, म्हणजे २ कोटी ४० लाख डॉलर, असे नवे गणित त्याने मांडले.

अरुंद व्हॅनमध्ये रात्रंदिवस राहून दोघा मित्रांचे मात्र बिनसले. टेरी थकल्यावर तापट होई आणि डग मनातल्या मनात कुढे. नोव्हा स्कोशियात पोचेपर्यंत दोघांत बोलणेही उरले नव्हते. तेव्हा बेटी आणि रोलंड विमानाने डार्टमथला आले आणि त्यांनी दोघांची समजूत घातली. पण आईबापांना कायमचे थांबणे शक्य नव्हते. म्हणून सतरा वर्षांच्या डॅरलला पाठवायचे ठरले. त्याचे शाळेचे शेवटचे वर्ष होते, पदवीदान समारंभ तोंडावर होता. तो सोडून मे महिन्याच्या अखेरीस न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉन येथे तो भावाच्या व्हॅनमध्ये चढला.

या सगळ्या कथेत मला सर्वांत जवळचा वाटतो तो डॅरल. त्याच्या वाट्याला ना पदक आले ना पुतळा. घरातला हा विनोदी मुलगा होता आणि त्याचे पहिले काम भावाला हसवणे हेच होते. दुसरे काम रस्त्यावर थांबलेल्या मोटारींकडून पैसे गोळा करण्याचे. भाऊ वैतागून कोणावर ओरडला तर मध्ये पडून सावरण्याचे काम तिसरे. दौडीचा इतिहास लिहिताना पायांचा हिशेब होतो, सोबतीचा होत नाही.

क्वेबेकमध्ये भाषेची अडचण आली. फ्रेंच कोणालाच धड येत नव्हते, पैसे जमत नव्हते, काही वाहनचालक तर त्याला रस्त्यावरून हाकलत. मॉन्ट्रियलला पोचला तेव्हा जून संपत आला होता, एकतृतीयांश वाट सरली होती आणि जमले होते अवघे दोन लाख डॉलर. इथे इसाडोर शार्प हा माणूस पुढे आला. फोर सीझन्स हॉटेलांचा हा मालक. त्याचा किशोरवयीन मुलगा दोन वर्षांपूर्वीच कर्करोगाने गेला होता. त्याने दर मैलामागे दोन डॉलर देऊ केले आणि जवळपास हजार कंपन्यांना तसेच करण्याची गळ घातली. ज्या घरात हा रोग येऊन गेला आहे, त्या घराला दुसऱ्याचे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

आँटारिओत शिरताच चित्र पालटले. पहिल्याच गावात बँड आणि फुगे घेऊन लोक उभे होते. ओटावात पंतप्रधान पिएर ट्रूडोंची भेट झाली. ११ जुलैला टोरंटोच्या चौकात दहा हजार माणसे जमली आणि त्या एका दिवसात एक लाख डॉलर जमले. टेरीला या कौतुकाचे अवघडलेपण वाटे. पैसा येतो म्हणून भाषणे सोडता येत नसत, आणि भाषणांमुळे विश्रांती बुडे. त्यातच त्याने क्वेबेकचा काही भाग व्हॅनमधून कापल्याचे खोटे वृत्त छापून आले. हे त्याला फार लागले, कारण ज्या खांबाशी काल थांबला त्याच खांबापासून आज सुरुवात करायची, हा त्याचा धर्म होता. वृत्तपत्राच्या मेजावर बसणाऱ्या आम्हा मंडळींनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

शरीर कुरकुरत होते. नडग्या सुजल्या, घोट्याचा स्नायुबंध दुखावला, चक्कर येऊ लागली. बाविसाव्या वाढदिवशीही तो धावला. नियमित तपासणीसाठी डॉक्टरांकडे जाणे मात्र त्याने टाळले. याचे उदात्तीकरण करू नये. ज्या संशोधनावर त्याची एवढी श्रद्धा होती, त्याच संशोधनाने सांगितलेली खबरदारी त्याने घेतली नाही. तपासण्या झाल्या असत्या तरी काही बदलले असते की नाही, हा वेगळा प्रश्न. पण हट्टी माणसाचा गुण आणि दोष एकाच मुळातून वाढतात.

ऑगस्टच्या अखेरीस सुपीरिअर सरोवराच्या काठाने जाताना टेरेस बे या गावी ग्रेग स्कॉट नावाचा दहा वर्षांचा मुलगा त्याला भेटला. त्याचाही पाय याच रोगाने गेला होता. दोघे एकत्र पोहले आणि टेरी धावत असताना ग्रेग त्याच्यामागे सायकल चालवत राहिला. साऱ्या प्रवासातला तो दिवस टेरीला सर्वांत मोलाचा वाटला होता.

१ सप्टेंबर १९८० रोजी थंडर बे शहराच्या बाहेर त्याला खोकल्याची उबळ आली आणि छातीत कळ उठली. रस्त्याच्या दुतर्फा लोक त्याला धीर देत उभे होते. त्यांच्यासमोर थांबणे त्याला जमेना. पाहणारे कोणी उरले नाही तिथवर तो धावला आणि मग व्हॅनमध्ये शिरून डगला दवाखान्यात न्यायला सांगितले. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. कर्करोग फुप्फुसांत पसरला होता. आईवडील तातडीने तिथे पोचले. दुसऱ्या दिवशी स्ट्रेचरवर पडूनच त्याने पत्रकारांना सारे सांगितले. बेटी आणि रोलंड शेजारी होते. तोवर जमलेली रक्कम होती सतरा लाख डॉलर.

त्यानंतर देशच जणू धावू लागला. आठवडाभरात एका दूरचित्रवाणी वाहिनीने पाच तासांचा मदतनिधीचा कार्यक्रम केला, त्यात १ कोटी ५ लाख डॉलर आले. उरलेले अंतर आम्ही पूर्ण करतो, असे टोरंटोच्या आइस हॉकी संघाने कळवले. टेरीने नम्रपणे नकार दिला. बरे होऊन ते आपणच पुरे करणार, असे त्याच्या मनात होते. त्याला ऑर्डर ऑफ कॅनडाचा सर्वोच्च दर्जा देण्यात आला. हा मान मिळवणारा तो सर्वांत तरुण. फेब्रुवारी १९८१ मध्ये जमलेली रक्कम २ कोटी ४१ लाख डॉलरपलीकडे गेली. माणशी एक डॉलर पुरा झाला होता. पुन्हा केमोथेरपी, मग इंटरफेरॉन. दोन्हींचा उपयोग झाला नाही. २८ जून १९८१ रोजी पहाटे, घरची माणसे भोवती असताना तो गेला. साऱ्या देशात ध्वज अर्ध्यावर उतरवण्यात आले.

त्याच्या नावाने दरवर्षी धाव व्हावी ही सूचना इसाडोर शार्पने टेरी आजारी पडला तेव्हाच तारेने केली होती. टेरीने त्याला मान्यता दिली ती अटींसह. शर्यत नको, विजेता नको, जाहिरात नको. १३ सप्टेंबर १९८१ रोजी पहिल्या धावेत तीन लाख लोक उतरले आणि ३५ लाख डॉलर जमले. पुढे ही धाव अनेक देशांत पोचली. मुंबईतही ती झाली, आणि तिचा निधी टाटा मेमोरियलमधल्या संशोधनाकडे गेला. आजवर या नावाने जमलेली रक्कम ८५ कोटी डॉलरहून अधिक आहे. ज्या हाडाच्या कर्करोगाने टेरीचा पाय गेला, त्यात आज बहुतेक रुग्णांचा पाय वाचवता येतो आणि रोग पसरण्याआधी सापडला तर दहांपैकी सहासात जण बरे होतात.

या अटींची राखण केली ती बेटीने. मुलाच्या धावेला सर्वांत आधी नाही म्हणणारी ही बाई पुढची तीस वर्षे शाळाशाळांतून त्याची गोष्ट सांगत फिरली. टेरीचे चित्र वापरून काही विकू पाहणाऱ्या कंपन्यांना ती सरळ परत पाठवी. कोणी तिला कठोर म्हणत, आणि ती होतीही. डॅरलनेही पुढे अनेक वर्षे याच कामाला वाहून घेतले.

२०१० मध्ये व्हँकुव्हरला हिवाळी ऑलिंपिक झाले तेव्हा उद्घाटनात ऑलिंपिकचा ध्वज धरून चालणाऱ्या आठ जणांत बेटी होती. त्यानंतर महिनाभरात तिथेच अपंग खेळाडूंच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्या रात्री मशाल घेऊन मैदानात आले ते बेटी आणि रोलंड, दोघे मिळून. पुढच्या वर्षी बेटी गेली, २०१६ मध्ये रोलंड गेला.